निळ्या थरातला हात

मी एक जुनी दाबपेटी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, ही दागिन्यांची पेटी नव्हे आणि गाण्याचीही नव्हे. माझ्यात माती आहे, मेण आहे आणि आणखी एक गोष्ट आहे. ती ओघात येईलच. मी सध्या कुठून बोलते आहे, ते मात्र शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुमच्यातले भित्रे उठून जातील, आणि मला ऐकणारं माणूस फार दिवसांनी मिळालं आहे.

डोंगराच्या उतारावर एक दगडी महाविद्यालय होतं. तिथे जमिनीचं शास्त्र शिकवत. डोंगर कसे झाले, दऱ्या कशा पडल्या, समुद्र कुठून आला, असल्या गोष्टी. तिथल्या एका सरांनी सुताराकडून मला करून घेतलं. जाड फळ्या, माणूस आडवा मावेल एवढी लांबी, वरून उघडी, एका अंगाला काच. सुताराची बायको मला बघून म्हणाली, "अहो, मेलं कोण?" माझ्याबद्दल कुणीतरी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेव्हा मला फार राग आला होता. आता वाटतं, बाईला पुढचं दिसत असावं.

माझ्या एका टोकाला एक सरकती फळी होती. तिच्यामागे लोखंडी पेच आणि पेचाला दांडा. माझ्या पोटात रंगीत माती आणि तेल घातलेलं मऊ मेण थरावर थर देऊन भरायचं आणि दांडा फिरवायचा. फळी पुढे सरकली की माझ्या पोटात गोळा यायचा. थर दबायचे, वाकायचे, आणि काचेमागे बघता बघता डोंगर उभा राहायचा. बाकावरची मुलं "आईशप्पथ!" म्हणून पुढे सरसावायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

या पहिल्या सरांना सगळे सफरचंदवाले सर म्हणत. त्यांच्या मेजावर एक वाळून सुरकुतलेलं सफरचंद कायम असायचं. ते आधी जुनी भांडणं सांगत. कोणी म्हणे, सगळे खडक एका आदिसमुद्राच्या पाण्यातून खाली बसले. कोणी म्हणे, पाणी कसलं, पोटातल्या आगीनं ते वर ढकलले. कोणाला वाटे, पूर आणि भूकंप अशा मोठ्या आपत्तींनी चार तडाख्यांत पृथ्वी घडवली. तर कोणी म्हणे, तडाखे नकोत. आजचा पाऊस, आजची नदी आणि आजचा वारा हेच गडी पुरे आहेत, त्यांना फक्त भरपूर वेळ द्या. एवढं सांगून सर सफरचंद उचलत. पृथ्वी तापलेली होती, ती निवते आहे, निवताना आकसते आहे, आणि आकसली की सालीला सुरकुत्या पडतात. सुरकुती म्हणजे डोंगर. झालं! मग दांडा फिरायचा आणि मी डोंगर दाखवायची.

आता एक गोष्ट नीट ऐका, ती पुढे लागेल. प्रयोगाआधी सर माझ्या काठावर लेव्हलची नळी ठेवत. आतला बुडबुडा मधोमध आला की पेटी सपाट. पण तो येतच नसे. नेहमी डोंगराच्या बाजूला पळे. मग सर "पेटीचा पाय झिजला वाटतं" असं पुटपुटत आणि दरीकडच्या पायाखाली लाकडाची पाचर ठोकत. पुढच्या सत्रात आणखी एक पाचर. खोलीचं दारही दर वर्षी अडकायचं. मग सुतार येऊन त्याला रंधा मारून जायचा. माझा पाय झिजायला मी काय दारोदार फिरत होते? पण पेटीला विचारतो कोण!

आणि मला एक आवाज ऐकू यायचा. पायांतून वर यायचा. भर दुपारी, वर्ग रिकामा असताना, खाली खोल कुणीतरी जात्यावर सावकाश दळत बसलंय असा. दळणारा थकत नव्हता. मला त्याची भीती वाटायची, आणि नंतर नंतर तो थांबेल याचीही भीती वाटायला लागली.

सफरचंदाचं पुढे काही खरं राहिलं नाही. काही खडक स्वतःच ऊब देतात, त्यामुळे पृथ्वी नुसती निवत बसलेली नाही, असं लोकांना कळलं. शिवाय सफरचंदाला सगळीकडून सुरकुत्या पडतात. डोंगर मात्र रांगा धरून उभे असतात. सर म्हातारे होऊन घरी गेले. सफरचंद मेजावरच राहिलं आणि एका उंदरानं नेलं. एवढ्या मोठ्या विचाराचा असा शेवट झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांच्या जागी आले कात्रीवाले सर. हा माणूस जगाचे नकाशे आणायचा आणि कात्रीनं खंड कापून काढायचा. मग मेजावर ते एकमेकांना जोडायचा. समुद्राच्या अलीकडचा किनारा पलीकडच्या किनाऱ्यात बसायचा. दोन्हीकडे तसेच खडक, तसल्याच मेलेल्या प्राण्यांचे ठसे. आज जिथे अंगाची लाही होते, तिथल्या दगडांवर बर्फाच्या नद्यांचे ओरखडे. सर म्हणत, "हे सगळं एक होतं. मग फुटलं आणि सरकत सरकत लांब गेलं." महाविद्यालयातले बाकीचे त्यांची फार टिंगल करत. "काय सर, आज कुठला खंड निघाला? डबा घेऊन गेलाय का?" सर हसायचे, पण कान लाल व्हायचे.

त्यांची एक लहान मुलगी होती. पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची, म्हणून ते तिला भिंगरी म्हणत. एकदा सगळ्या शिक्षकांपुढे प्रयोग करायचा ठरला. सरांनी माझ्यात नवे थर भरले. सगळ्यात वरचा निळ्या मेणाचा थर भिंगरीला घालू दिला. तो म्हणजे समुद्राचा तळ. तिनं तो दोन्ही हातांनी थापून आरशासारखा सपाट केला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मधोमध आपला पंजा दाबून ठसा उठवला. पाचही बोटं ऐसपैस पसरलेली. "बाबा, चुकलं का?" सर म्हणाले, "राहू दे गं. माझ्या समुद्रावर तुझी सही."

पण प्रयोग झालाच नाही. सरांनी नकाशाचे तुकडे जोडून दाखवले आणि ते दांड्याला हात घालणार, तेवढ्यात महाविद्यालयाचे मोठे सर उठले.

"खंड सरकतात, मान्य. ढकलतं कोण?"

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"या पेटीला दांडा आहे. दांड्याला तुम्ही आहात. पृथ्वीचा दांडा कुणाच्या हातात आहे?"

"ते मला अजून माहीत नाही," सर म्हणाले.

मित्रांनो, मी पुष्कळ शिकवणारे पाहिले, पण इतकं खरं उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं ऐकलं नाही. खोलीत मात्र हशा पिकला. मोठ्या सरांनी शिपायाकडून माझा पेच उलटा फिरवून काढून घेतला. "पुस्तकं बांधायच्या यंत्राला उपयोगी पडेल. तुम्ही आता बिनदांड्याचे खंड सरकवून दाखवा." भिंगरी दारात उभी होती. बापाची अब्रू चारचौघांत जाताना तिनं पाहिली.

मला तळघरात नेलं. माझं एक टोक तिथल्या दगडी खांबाला टेकवलं. पेच नसल्यामुळे सरकती फळी मागे पडली असती आणि थर ढासळले असते. सरांना निळ्या थरावरचा तो हात मोडू द्यायचा नव्हता. म्हणून त्यांनी एक जाड ओंडका आणला, माझी फळी आणि तळघराची डोंगराकडची भिंत यांच्यामध्ये घट्ट बसवला, पायांखाली पाचरा पुन्हा ठोकल्या, आणि वरून झाकण घातलं. जाताना काचेवर हात ठेवून म्हणाले, "माफ कर हं." मला! ज्यानं माफी मागायला हवी होती तो वर चहा पीत होता.

मग अंधार, ओल आणि ते जातं.

वर्षं किती गेली ते विचारू नका, तळघरात वर्षं नसतात. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं की माझ्या पोटात गोळा येतोय. पेच नाही, दांडा नाही, माणूस नाही. तरी फळी सरकतेय. अगदी हळू. केस वाढतो, नख वाढतं, तशी. मला वाटलं, भास झाला. मग एक थर वाकला. मी ओरडले असते, पण ओरडणार कशानं? झाकणाखाली, काळोखात, कुणीही फिरवत नसताना, माझ्यात डोंगर उठत होता. आणि निळ्या थरावरची ती पाच बोटं एकमेकांकडे यायला लागली होती.

वरच्या जगात बरंच काही घडलं होतं. माझ्या डोक्यावरच्याच वर्गात आता एक बाई शिकवायच्या. आवाज ओळखीचा वाटला, आणि पावलं तर पक्की ओळखीची. भिंगरी! जगासाठी त्या बाई असतील, माझ्यासाठी भिंगरीच. ती मुलांना सांगायची, की समुद्राच्या तळाचे नकाशे झाले तेव्हा तिथे पाण्याखाली डोंगरांची लांबच लांब रांग सापडली. रांगेच्या मधोमध भेग. भेगेतून नवा खडक वर येतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. त्यात गोठलेल्या चुंबकीय खुणा दोन्हीकडे सारख्या पट्ट्यांनी उमटलेल्या दिसतात. पृथ्वीचं कवच म्हणजे मोठमोठे तुकडे आहेत. ते एकीकडे वाढतात, दुसरीकडे एकमेकांखाली बुडतात, आणि दोन खंड समोरासमोर भिडले की मधला भाग दुमडून डोंगर होतो. त्यांना हलवते ती आतली उष्णता. खोलवरचा खडकसुद्धा तिच्यामुळे अतिशय सावकाश वाहतो, आणि बुडणारा तुकडा मागच्याला ओढतो. "खंड सरकतात, हे जुन्या लोकांतल्या काहींनी ओळखलं होतं," ती म्हणायची. "त्यांना वाटे, खंड गलबतासारखे समुद्राचा तळ कापत जातात. ते चुकलं. पण सरकतात, हे खरं होतं. त्यांची टिंगल झाली."

कात्रीवाले सर आता तिच्याजवळच राहत, महाविद्यालयाच्या मागच्या घरात. ते घर उताराला अगदी पाठ लावून होतं, आणि तळघराचं दार त्यांच्याच अंगणात उघडे. सर म्हातारे झाले होते, आणि त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. भिंगरीनं अंगणात त्यांचे हात धरून सांगितलेलं मी ऐकलं, "बाबा, तुमचं खरं निघालं हो." त्यांनी विचारलं, "काय खरं निघालं?" मला रडू आलं. पेटीला रडता येत नाही, तरी आलं.

पण माझी वाट ते विसरले नव्हते. जेवण झालं की दुपारी तळघरात उतरायचे, झाकण बाजूला करायचे आणि बघत बसायचे. एक दिवस त्यांनी वाकलेल्या थराची उंची वितीनं मापली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मापली. मग लगबगीनं वर गेले.

"भिंगरी, पेटीतला डोंगर वाढतोय गं."

"बाबा, तिला पेच तरी आहे का?"

"पेच नाही. तरी वाढतोय. आणि आतून एक हात वर येतोय."

तिनं डॉक्टरांना बोलावलं. करणार काय? घरातलं म्हातारं माणूस रोज दुपारी येऊन सांगतं की पेटीतून हात वर येतोय. डॉक्टर म्हणाले, त्यांना त्या ओलीत जाऊ देऊ नका, भ्रम वाढेल. महाविद्यालयातले जुने लोक हळूच हसले. "कात्री गेली, खूळ राहिलं." आणि सर मात्र एखाद्या तापानं फणफणलेल्या पोराच्या आईसारखे अस्वस्थ. जेवताना, झोपेतून उठताना, एकच. "इथून चला. हलतंय ते. इथून चला." बापाचं खरं मानायचं की डॉक्टरचं, हे भिंगरीला कळेना. मला कळत होतं. ओंडक्यामागची भिंत रोज थोडी थोडी पुढे येत होती. तिच्यामागे तो अख्खा डोंगर होता, समोर दुपारचं जेवून लवंडलेलं घर होतं, डोक्यावर मुलांनी भरलेला वर्ग होता. आणि मला तोंड नव्हतं.

शेवटी भिंगरी कुलूप घेऊन आली. तळघराला कुलूप लावायचं, म्हणजे बाबा खाली जाणार नाहीत. दार ओढलं, तर ते लागेना. नेहमीसारखं अडकलं होतं. "आता पुन्हा रंधा," ती वैतागून म्हणाली. आणि जाता जाता, नुसतं म्हणून, विजेरीचा झोत माझ्यावर टाकला. झाकण सर उघडंच ठेवून गेले होते.

तिनं पाहिलं. निळा थर कमानीसारखा उभा राहिला होता. कमानीच्या माथ्यावर तिचा लहानपणचा पंजा होता. तो आता पसरलेला नव्हता. बोटं जवळ आलेली, वर उचललेली, अर्धी मिटलेली. जमिनीखालून कुणीतरी हात वर काढून काहीतरी पकडायला बघतंय, असा. तिनं विजेरी आणखी जवळ आणली.

"हा मी सपाट केला होता," ती स्वतःशीच म्हणाली. "मी. हातानं."

तिनं पेचाची जागा चाचपली. रिकामी होती. तिनं ओंडक्यावरून झोत मागे मागे नेला, भिंतीपर्यंत. ओंडक्याचं टोक भिंतीत रुतलं होतं आणि भिंतीला पोट आलं होतं. मग ती खाली बसली आणि माझ्या पायांखालचा पाचरांचा ढीग बघितला. जुन्या, नव्या, काळ्या पडलेल्या, एकावर एक. प्रत्येक शिक्षकानं आपापली ठोकलेली. इथल्या पिढ्या न पिढ्या खंड कुठे चाललेत यावर भांडत होत्या, आणि भांडायच्या आधी पायाखाली पाचर मारून पेटी सपाट करत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ती धावत वर गेली. सर अंगणात बसले होते.

"बाबा, तुमचं खरं आहे. हलतंय. खंड नाही हो, आपला डोंगर आहे. हा उतार खाली सरकतोय."

"कोण का असेना," सर म्हणाले. "बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग झालं तर." एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडले.

आताचे मोठे सर आधी ऐकेनात. इमारत आजोबांच्या काळापासून उभी आहे, दारं तर दर वर्षी अडकतात, त्यात नवीन काय. भिंगरीनं वाद घातला नाही. त्यांना खाली आणलं आणि तो हात दाखवला. त्यांनी पेचाच्या रिकाम्या जागेत बोट घालून पाहिलं. मग वर गेले आणि घंटा त्यांनी स्वतः वाजवली.

सामान हललं, मुलं गेली, मागचं घर रिकामं झालं. भिंगरीला मलाही न्यायचं होतं. पण गवंड्यानं ओंडक्यावर हात ठेवून मान हलवली. "बाई, हा काढू नका. भिंत आता याच्यावरच उभी आहे." म्हणजे माझ्यावर. तिला रडू फुटलं. सर मात्र शांत होते. त्यांनी आपला सुरकुतलेला पंजा हलकेच त्या मेणाच्या हातावर ठेवला, एखाद्याचा निरोप घेतात तसा. "तिला एकटीला सोडायचं?" त्यांनी विचारलं. "नाइलाज आहे, बाबा," ती म्हणाली. त्यांची पावलं पायऱ्या चढून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, की आपण काही धरून ठेवलंय. भीती वाटत होती, आणि अभिमानही वाटत होता.

मग एका लख्ख दुपारी, पाऊस नाही की वारा नाही, खालचं जातं थांबलं.

मी सांगितलं होतं ना, मला त्याचीच भीती होती. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. काच आपोआप तडकली. ओंडका एकदा कण्हला. आणि डोंगर आत आला.

मित्रांनो, आता सांगते. मी तुमच्या पायाखालून बोलते आहे. माझ्यावर दगड आहेत, दगडांवर माती, मातीवर गवत. पूर्वी थर माझ्यात असायचे. आता मी थरात आहे. वर कुणी चाललं तर मला कळतं. वर्षातून एकदा दोन माणसं येऊन उभी राहायची, एक जड पावलाचं आणि एक भिंगरीसारखं. हल्ली एकच येतं.

फळी अजून सरकते. तो हात आता मिटत आला आहे.

माझं एवढं ऐका. दार अडकलं तर रंधा आणण्याआधी भिंतीकडे बघा. मेज डुगडुगलं तर पाचर मारण्याआधी जमिनीला विचारा. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणालं की काहीतरी हलतंय, तर हसू नका, कुलूप शोधू नका. एकदा त्यांच्याबरोबर खाली जाऊन बघून या.

कधीतरी कुणीतरी मला खणून काढेल. मग पुन्हा भांडणं होतील. एक म्हणेल, हिला पुरानं आणलं. दुसरा म्हणेल, भूकंपानं गाडलं. तिसरा आणखी काही नवीन काढेल, आणि कदाचित त्याचंच खरं निघेल. तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष निळ्या मेणातल्या त्या चिमुकल्या मुठीकडे जाईल आणि तो विचारेल, हा हात कुणाचा.

त्या वेळी तुमच्यापैकी कुणी तिथे असलं, तर त्याला सांगा. भिंगरीचा आहे. तिनं तो सपाट थरावर उमटवला होता, आणि तिच्या बाबांनी तो मोडू दिला नाही.